कॅसेटवाले: आमची वाटचाल

कोल्हापुरात आम्हाला अजून 'कॅसेटवाले' म्हणतात. हे नाव पाडणारा माणूस कोण, ते पुढे येईलच. कारखान्यांचा जुना, क्वचितच लागणारा डेटा एलटीओ टेपवर, म्हणजे डेटा साठवायच्या चुंबकीय फितीच्या कॅसेटवर, उतरवायचा, पडताळायचा, दोन गावांत ठेवायचा आणि मागितला की परत द्यायचा, हा आमचा धंदा. २०१३ साली राजारामपुरीत पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत सुरू केला. एलटीओची सहावी पिढी, एलटीओ-६, तेव्हा नुकतीच आली होती. एका टेपवर अडीच टीबी, तेही कॉम्प्रेशन न धरता. डब्यावर छापलेल्या, कॉम्प्रेशन धरलेल्या मोठ्या आकड्यावर आम्ही कधी दर काढला नाही, आणि जो काढतो त्याच्याशी व्यवहार करू नये.

सुरुवातीचा भागीदार मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये रात्रपाळ्या काढून आलेला. पुढे तो आखातात गेला, पण खोलीची शिस्त त्याचीच. बाहेरून आलेली टेप रात्रभर खोलीत मुरल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालायची नाही. क्लीनिंग टेप ड्राइव्हने मागितल्यावरच चालवायची, हौस म्हणून नाही. गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवरून थेट टेपवर लिहायचं नाही, आधी आपल्या एसएसडीवर घ्यायचं. एलटीओ-६ सेकंदाला १६० एमबी गिळते. मागून तेवढा पुरवठा नसला की टेप थांबते, मागे येते, पुन्हा धावते. हे शू-शाइन मला बाहेर चहा पिताना नुसत्या आवाजावरून कळतं. लिहायचं एलटीएफएस या खुल्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे उद्या आम्ही नसलो तरी दुसऱ्या कुणालाही टेप साध्या फोल्डरसारखी उघडता यावी. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे ती जशीच्या तशी आहे का हे पडताळायचा आकडा, टेपवर आणि कागदावरही. दुसरी प्रत सोलापुरात मेहुण्याकडे. उन्हाळ्यात तिथे एसीचं बिल झोंबतं, पण पावसाळ्यात कोल्हापूरच्या हवेशी जी मारामारी करावी लागते ती तिथे नाही.

पहिली काही वर्षं चांगली गेली. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

मग २०१९ उजाडलं. आम्ही कर्ज काढून एलटीओ-८ चं ड्राइव्ह घेतलं होतं. टेपच मिळेनात. जगात या टेपा बनवणाऱ्या कंपन्या दोन, दोन्ही जपानी, आणि त्यांचा पेटंटवरून तंटा पेटलेला. भांडण त्यांचं, हप्ता आमचा. नव्या कोऱ्या एलटीओ-७ टेपा आठच्या ड्राइव्हला चालणाऱ्या एम-८ पद्धतीने फॉरमॅट करून प्रत्येकीवर ९ टीबी बसवत आम्ही दिवस काढले. एलटीओ-७ पर्यंतचं ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायचं, ८ ने ती सोय काढली. म्हणजे आमच्या सहाच्या टेपांसाठी जुनं ड्राइव्ह जिवंत ठेवणं आलंच.

नेमक्या त्याच सुमाराला पुण्याची एक क्लाउड एजन्सी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फिरू लागली. त्यांचा सेल्सचा माणूस बोलायला गोड. "बाजारात मिळत नाही त्या कॅसेटवर तुम्ही हिशेब ठेवता?" असं भर बैठकीत म्हणाला, आणि नाव चिकटलं. मार्च २०१९ मध्ये ॲमेझॉनचं डीप अर्काइव्ह, म्हणजे क्वचित लागणाऱ्या डेटाची क्लाउड साठवण, आलेलं. अमेरिकेतल्या दराने महिन्याला टीबीमागे साधारण १ डॉलर. हा आकडा खरा आहे आणि स्वस्तही आहे, मी नाकारत नाही. पण माल परत मागवला की १२ ते ४८ तास थांबायचं, आणि बाहेर उतरवून घ्यायचे पैसे वेगळे, साठवणीच्या कैक पट. हे त्या माणसाने एकाही कोटेशनमध्ये लिहिलं नव्हतं. आमची मोठी गिऱ्हाइकं गेली. जाताना एकाने तर फोनही केला नाही.

ऑगस्टमध्ये पूर. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर, धोक्याची पातळी ४३. महामार्ग बंद, वीज नाही, जनरेटरला डिझेल नाही. हवेतला ओलावा खेचणारं डिह्युमिडिफायर बंद पडल्याबरोबर आम्ही सगळ्या टेपा सिलिका जेल घालून पिशव्यांत सीलबंद केल्या. कपाटातल्या टेपेला वीज लागत नाही. हे वाक्य मी त्या एजन्सीच्या तोंडावर किती वेळा म्हटलं होतं!

आप्पा हे आमचं एक गिऱ्हाईक. त्यांची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, शिरोलीला, पण ऑफिस व्हीनस कॉर्नरजवळ तळमजल्यावर. सर्व्हर पाण्यात गेला. भट्टीच्या प्रत्येक ओतीच्या नंबरवार (हीट नंबर) धातूतल्या घटकांचे स्पेक्ट्रो रिपोर्ट, एक्स-रे, पॅटर्नची ड्रॉइंग, पंधरा वर्षांचं सगळं. वाहन कंपन्यांना पार्ट चालू असेपर्यंत आणि वर एक वर्ष ही कागदपत्रं लागतात, ऑडिटर पुराचं कारण ऐकत नाही. पाणी उतरल्यावर आप्पा नवीन लॅपटॉप घेऊन आले. आधी सगळं नको, निर्यातीच्या एका पार्टचं आणि टॅलीचं तेवढं द्या, म्हणाले. जुन्या ड्राइव्हवर तेवढं काढून दिलं, चहा निवायच्या आत.

क्लाउडवाल्यांचा डेटाही शाबूत होता, खोटं कशाला बोलू. पण बिल आल्यावर बोंब झाली, आणि सोडून गेलेल्यांपैकी काहींनी हळूच विचारलं, "आमच्या जुन्या टेपा अजून आहेत का हो?" होत्या. करारात नष्ट करण्याची मुभा असूनही ठेवल्या होत्या. दिल्या, नेहमीच्या दराने.

तरीही आम्ही बुडत होतो, कारण पुरात बुडालेली गिऱ्हाइकं आमची थकबाकी देणार कुठून? ओव्हरड्राफ्ट संपला. सौ.ची भिशी त्या महिन्यात लागली नसती तर बँकेने ड्राइव्ह उचलून नेलं असतं. आप्पांनी स्वतःची फाउंड्री बंद असताना टेपा ठेवण्याचं तीन वर्षांचं भाडं आगाऊ आणून टेबलावर ठेवलं. मी नको म्हणालो तर म्हणाले, "तुमी बंद पडल्यावर ह्या टेपा मी वाचायच्या कशावर?"

नव्या उद्योजकांना, विचारलं नसलं तरी, सांगतो. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायच्या, कंपनीची हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं. त्यापलीकडचं काय ठेवायचं ते मालकाने बसून ठरवावं, कॉम्प्युटरवाल्या पोरावर सोडू नये. कपाटातली यूएसबी हार्डडिस्क म्हणजे साठवण नव्हे. आणि वर्षातून एकदा कुठलीही एक टेप काढून फाइल उघडून पाहा. नुसतं 'बॅकअप सक्सेसफुल' वाचून समाधान मानणारे मी पुरानंतर रडताना पाहिलेत.

सध्या सहाच्या टेपा नऊवर चढवणं चालू आहे, १८ टीबीची एक. नवी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिला जुळवून घ्यायला कधी कधी दोन तास खातं, त्यामुळे आदल्या रात्रीच लावून ठेवतो. मागच्या महिन्यात त्याच पुण्याच्या एजन्सीचा फोन आला. त्यांच्या एका गिऱ्हाइकाकडे एलटीओ-६ च्या टेपा निघाल्या होत्या आणि वाचायला ड्राइव्ह नव्हतं. काम घेतलं. दर पूर्ण, पैसे आगाऊ, आणि बिलावर त्यांच्याच माणसाने आमच्या फर्मचं खरं नाव लिहून सही केली.