अनुस्वार दिसतो का? : माझ्या नव्या लॅपटॉपची गोष्ट

गेल्या दिवाळी अंकात माझ्या नजरेतून एक अनुस्वार निसटला. कथेत होतं, 'पोरांनी दंगा केला.' छापून आलं, 'पोरांनी दगा केला.' लेखकाचा फोन आला. ते हसत होते. म्हणाले, "बाई, माझी विनोदी कथा तुम्ही एकदम गंभीर करून टाकलीत." त्यांनी हसण्यावारी नेलं, पण मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पंचवीस वर्षं मुद्रितशोधन करतेय, आणि असला अनुस्वार सुटावा?

भाच्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मावशी, दोष तुझा अर्धाच. बाकीचा या डब्याचा." डबा म्हणजे माझा नऊ वर्षांचा लॅपटॉप, १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ची स्क्रीन. त्याने कागदावर आकडेमोड करून दाखवली. इंचाला जेमतेम १०० ठिपके. इंग्रजीचं त्यात भागतं. आपल्या अक्षरांना मात्र शिरोरेघेच्या वर आणि पायाखाली दोन्हीकडे संसार असतो. 'मूर्तींना' हा शब्द बघा. वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघंही एकाच 'त'च्या डोक्यावर, सकाळच्या लोकलच्या दारात लटकल्यासारखे. १०० ठिपक्यांत त्यांचा एक काळा गोळा होतो, आणि गोळ्यात अनुस्वार आहे की नाही हे मग डोळा नाही, मेंदू ठरवतो. मेंदूला दंगा अपेक्षित असला की तो दंगाच वाचतो.

तेव्हा नवा घ्यायचं ठरलं. बजेट साठ हजारांच्या आसपास.

पहिल्यांदा मॉलमधल्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे ओळीने मांडलेल्या लॅपटॉपांवर पोपट उडत होते, धबधबे कोसळत होते. सगळ्या स्क्रीन फुल ब्राइटनेसवर, आणि वरून दुकानाचे पांढरेफटक दिवे. अशा उजेडात कुठलीही स्क्रीन छानच दिसते, साडीच्या दुकानात प्रत्येक साडी छान दिसते तशी. मी म्हटलं, पोपट बंद करा आणि मला एक मराठी पान उघडून द्या. पोरगा भला होता, पण पेनड्राइव्ह लावायची परवानगी नव्हती. "ताई, स्पेसिफिकेशन सगळे वर लिहिलेत ना," म्हणाला. लिहिलेच होते. त्यात अनुस्वाराचा उल्लेख कुठे नव्हता.

मग पुढच्या शनिवारी लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून चालत पाच मिनिटं. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर तिथला माणूसही दोन सेकंद विचारात पडेल. पोटमाळ्यावरच्या एका छोट्या दुकानात मालकाने पेनड्राइव्ह हसत लावून घेतला. मी घरून एकच पान करून नेलं होतं. मूर्तींना, कर्तृत्व, ऊर्ध्व, ऱ्हस्व, दंगा, दगा, चिंच, हृदय, किंकर्तव्यमूढ असे शब्द, आणि एकाच मापात दोन फॉन्ट, मंगल आणि निर्मला. मालक मान वाकडी करून वाचत म्हणाला, "मॅडम, ये शायरी है क्या?"

पहिला लॅपटॉप दाखवला तो १५.६ इंची, फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, सगळ्यांत स्वस्त. इंचाला १४१ ठिपके, म्हणजे अक्षरं जुन्यापेक्षा नक्की बरी. पण पांढरा रंग पांढरा नव्हता, उकळून गार झालेल्या पाण्यासारखा निस्तेज. कागदपत्रात २५० निट्स (हे उजेडाचं माप) आणि ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) असं लिहिलं होतं. भाच्याने सांगितलं की हा ४५चा आकडा दिसला की रंग फिके असणार हे गृहीत धर. मला रंगांशी काय देणंघेणं, असं मी म्हणणार होते, तेवढ्यात लाल शाईतल्या माझ्या दुरुस्त्या विटकरी दिसल्या, आणि गप्प बसले.

दुसरा ओलेड, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशी स्क्रीन. १४ इंची, २८८० बाय १८००, इंचाला जवळजवळ २४३ ठिपके. खरं सांगते, 'मूर्तींना' त्यावर बघितला आणि पोटात काहीतरी हललं. अनुस्वार वाटोळा होता. वाटोळा! इतकी वर्षं मी चौकोनी ठिपके तपासत होते. काळी शाई खरोखर काळी. मालक म्हणाला, "डिस्प्ले एकदम मख्खन है."

पण स्क्रीन चकचकीत होती. अक्षरांच्या मागे मी दिसत होते, माझ्या मागे दुकानाची ट्यूब दिसत होती, आणि ट्यूबवरची पालही. आमचं घर भांडुपला, खोलीची खिडकी पश्चिमेला. दुपारी तीननंतर या स्क्रीनमध्ये मला मजकुराऐवजी दोरीवरचे टॉवेल वाचावे लागले असते. आणि भाच्याने दुसरी खोड काढली. फोनचा कॅमेरा प्रो मोडवर टाकला, शटर हजारांश सेकंदावर नेलं, लॅपटॉपचा ब्राइटनेस अगदी कमी केला आणि फोन समोर धरला. फोनमध्ये स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले. कारण बऱ्याच ओलेड स्क्रीन उजेड कमी करतात तो ठिपके मंद करून नाही, तर ते सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून. डोळ्याला ते जाणवत नाही, सगळ्यांना त्रासही होत नाही. पण काहींचं डोकं दुखतं. मला घरातली ट्यूब फडफडायला लागली की अर्ध्या तासात कपाळ धरतं, आणि रात्री मिस्टर झोपल्यावर मी सगळ्यांत कमी उजेडात काम करते. तेव्हा वाटोळ्या अनुस्वाराला तिथेच नमस्कार केला. जड मनाने.

घेतला तो तिसरा. १४ इंची, १९२० बाय १२००, आयपीएस (म्हणजे मागून दिवा असलेली एलसीडी स्क्रीन), मॅट, ३०० निट्स. इंचाला १६२ ठिपके. फोनमध्ये पट्टे नाहीत. अनुस्वार अगदी वाटोळा नाही, पण वेलांटीपासून सुटा उभा दिसतो, मला तेवढंच हवं होतं. उंची जरा जास्त असल्यामुळे नेहमीच्या फुल एचडीपेक्षा पानाच्या दोन-तीन ओळी जास्त मावतात. आमच्या कामात ही चैन आहे. वेग, बॅटरी, कीबोर्ड वगैरे ठीक. वर्ड उघडतं, बंद होतं, आणखी काय लिहू?

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मैत्रिणीने विचारलं तेव्हाही सांगितलं नाही, कारण एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन-तीन वेगवेगळ्या स्क्रीन विकल्या जातात. नाव बघून घेशील आणि घरी फिकी स्क्रीन येईल. बिल करायच्या आधी निट्स आणि रंगाचा आकडा त्याच डब्याचा विचार.

आता रंगरूप. दुकानात दोन रंग होते, गडद निळा आणि चांदीचा. निळा इतका देखणा की हात आपोआप तिकडे गेला, आणि उचलला तेव्हा त्यावर माझी पाचही बोटं छापून आली, आधारकार्डासाठी दिल्यासारखी. केसांना तेल लावणाऱ्या, पोळ्या लाटता लाटता मेल बघणाऱ्या बाईने गडद मॅट रंग घेऊ नये. चांदीच्यावर डाग पडतात, पण दिसत नाहीत, स्टीलच्या डब्यासारखं. "मेटल बॉडी" म्हणून जे सांगतात तेही बोटाच्या पेराने टिचकी मारून बघावं. माझं झाकण आणि कीबोर्डाभोवतीची पाटी ॲल्युमिनियमची आहे, खालचा भाग प्लॅस्टिकचा. जुलैत प्लॅस्टिकवर मनगट चिकटतं, त्यामानाने धातू बरा. गार लागतो.

गार लागतो म्हणता म्हणता तिसऱ्या दिवशी झिणझिण्या लागल्या. चार्जिंगला लावून अनवाणी बसले होते, मनगट टेकवलं तर मुंग्या चालल्यासारखं. बोट हळूच फिरवलं की धातू थरथरतोय असं वाटायचं. सर्व्हिस सेंटरला फोन केला. "नॉर्मल आहे मॅडम." नॉर्मल म्हणजे काय? शॉक नॉर्मल कसा असेल? दोन दिवस चप्पल घालून प्रुफं वाचली. शेवटी बिल्डिंगमधल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने टेस्टर काढला, चार्जरकडे पाहिलंही नाही, थेट भिंतीवरचा बोर्ड उघडला. तिसऱ्या पिनचं भोक होतं, मागे तारच नव्हती. जुनी बिल्डिंग, किचनमध्ये फ्रिजसाठी अर्थिंग घेतलेलं, बेडरूममध्ये भोक नुसतं शोभेला. तो म्हणाला, चार्जरच्या आत छोटे कपॅसिटर असतात, त्यातून अगदी थोडा करंट गळतो. अर्थिंग असलं तर तो जमिनीत जातो, नसलं तर बॉडीवर राहतो आणि तुमच्यातून वाट काढतो. तार ओढून जोडली, दीडशे रुपये घेतले. झिणझिण्या गेल्या. तोवर मी मनात कंपनीला सात शिव्या घालून झाले होते.

डोळ्यांचं मात्र पहिल्या आठवड्यात जुळेना. एवढी चांगली स्क्रीन घेऊन डोळे चुरचुरतात म्हणजे काय? एकेक कारण शोधत गेले. पहिलं सापडलं ते विचित्र होतं. बॅटरीवर असताना पांढरं पान उघडलं की उजेड बदलायचा, काळी खिडकी उघडली की पुन्हा बदलायचा. बॅटरी वाचवायला लॅपटॉप स्क्रीनवरचा मजकूर बघून स्वतःच ब्राइटनेस कमीजास्त करतो. दिवसभर वर्ड आणि मेलमध्ये ये-जा करणाऱ्या माणसाचे डोळे त्याने वेडे होतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ब्राइटनेसच्या खाली ते बंद करता आलं. दुसरं, स्केल १२५ टक्क्यांवर होतं. स्क्रीनचे ठिपके बारीक म्हणून अक्षरंही बारीक, आणि मी हौसेने ती तशीच ठेवली होती. १५० केलं.

तिसरं कारण लॅपटॉपमध्ये नव्हतंच, माझ्या नाकावर होतं. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वाचायचा नंबर तळाला असतो. लॅपटॉप टेबलावर, म्हणून मी हनुवटी वर करून तळातून बघत होते, आणि संध्याकाळी मान आखडत होती. चष्मेवाल्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा दिला, आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघायला सांगितलं. वीस फूट! आमची सगळी खोली बारा फुटांची. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींकडे बघते. त्याही बघतात. आता हात करतो एकमेकींना.

मॅट स्क्रीनची एक तक्रार मात्र राहिलीच. कोऱ्या पांढऱ्या पानावर बारीक साखर पेरल्यासारखी चकाकी दिसते. काळा मजकूर भरला की विसरायला होतं, पण पान कोरं असलं की ती साखर दिसतेच. आठवड्याने सवय झाली, म्हणजे तक्रार करायचा कंटाळा आला.

आठवड्यातून दोनदा मी दादरला छापखान्यात जाते, सकाळची ८.४०ची स्लो. लेडीज डब्यात बॅग पुढे घेऊन उभं राहायचं आणि घाटकोपरला श्वास रोखायचा. महिन्याभराने एकदा स्क्रीन उघडली तर उन्हात तिच्यावर चौकोनी चौकोनी छाप. कीबोर्डची बटणं! गर्दीत बॅग दाबली जाते, झाकण वाकतं, आणि बटणांवरचं बोटांचं तेल स्क्रीनवर उमटतं. सासूबाईंनी लगेच काचा पुसायचा निळा स्प्रे आणला. मी अक्षरशः हात धरला त्यांचा. मॅट थराला ते नको. चष्म्याचं फडकं, दोन थेंब पाणी, हलक्या हाताने. निघालं. आता लॅपटॉप बॅगेत पाठीकडच्या कप्प्यात, फाइलच्या पुठ्ठ्याला लावून असतो, आणि आठवड्याला बटणं पुसते.

"मग मध्ये कापड घाल की," सासूबाई म्हणाल्या. त्यांना सांगितलं की मध्ये जाड काही ठेवलं आणि वरून दाब आला की स्क्रीनच तडकते. अॅपलवाले तर कॅमेऱ्यावरची पट्टीसुद्धा ०.१ मिलिमीटरपेक्षा जाड नको म्हणतात, म्हणजे साध्या कागदाएवढी. त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवस क्रोशाची सुई चालू होती. पाचव्या दिवशी पांढरा, कडेला गुलाबी फुलं असलेला रुमाल तयार. "मध्ये नको ना? वर घाल. धूळ बसणार नाही."

घातलाय. पूर्वी आमच्या टीव्हीवर असायचा तसाच. चांदीचा रंग एवढा विचार करून निवडला, आता तो फक्त दादरच्या लोकांना दिसतो.