लाईटचं तेवढं बघा

मागच्या आठवड्यात माझ्या कृपेनं लातूरच्या एका काकांच्या स्टॉलवर तीन झकास स्पॉटलाईट लागले आणि त्यांची डाळमिल मात्र बंद. तीन दिवस ऑफिसबाहेर कुणाला सांगितलं नाही, आता लिहून टाकते.

मी इथं हॅनोव्हरला प्रदर्शनांचं काम करते, एक्झिबिटर एका बाजूला, टेबल-कार्पेट-वीजवाले सप्लायर दुसऱ्या बाजूला आणि मधी मी. हेच काम संभाजीनगरला सहा वर्षं केलेलं, वाळूज-चिकलठाण्याच्या कंपन्यांचे स्टॉल उभे केलेत, त्यामुळं इथं आले तेव्हा वाटलेलं की आपल्याला कोण काय शिकवणार.

पण आधी इथल्या मेलबद्दल बोलू द्या, दोन वर्षं माझं डोकं खाल्लंय त्यानं. फर्निचरवाल्या बाईंना फोन केला, म्हणलं दोन खुर्च्या जास्त पाहिजेत. दोन! त्यांनी शांतपणे सगळं विचारलं, पांढऱ्या का काळ्या, कोणता हॉल, स्टॉल नंबर काय, किती वाजेपर्यंत पोचायला पाहिजेत, परत कधी न्यायच्या, बिल कुणाच्या नावानं. मी सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, छान, आता हे मेल करा. अहो मग आत्ता आपण काय केलं? मेल केला तर त्याच मिनिटाला उत्तर आलं, म्हणजे बाई तिथंच बसलेल्या, हातात फोन अजून गरम. आणि मेलमध्ये मी "उद्या" लिहिलं होतं तर तारीख विचारणारा आणखी एक मेल. शुक्रवारी दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी फोन नुसता वाजत राहतो. रविवारी साडेसात टनाच्या वरच्या ट्रकला मध्यरात्री बारापासून रात्री दहापर्यंत रस्त्यावर यायलाच बंदी, तेव्हा "निघालाय ताई, पोचतोच" हे वाक्य इथं शोधूनही सापडणार नाही. एकदा एकानं मला लिहून कळवलं होतं की तो अकरा मिनिटं उशिरा येईल. अकरा! आणि अकराच मिनिटं उशिरा आला.

आपल्याकडं मंडपवाल्याला दिवसाला वीस फोन. कुठं आहात? गेवराई सोडली. खरं तर माणूस अजून बीडात चहा पिऊ लागलेला असतो, त्याला ठाऊक, मला ठाऊक. उद्घाटनाच्या सकाळी एक्झिबिटर म्हणणार, ताई नावात अ‍ॅग्रो घालायचं राहिलं बघा, की पोरगं गाडीवर गुलमंडीकडं पळालं आणि फ्लेक्स पाऊण तासात हजर. इथं फॅशियावरचं नाव म्हणजे स्टॉलच्या कपाळावरची ती पट्टी, तारीख उलटून गेल्यावर एक अक्षर बदलायचं तरी वेगळा फॉर्म आणि वेगळे पैसे. रात्री दोनला जनरेटर बसला तर आमचा जनरेटरवाला बनियनवर आलाय, शपथ. इथं कोण येईल? कुणी म्हणू नये की आपल्याला मोठं काही जमत नाही, २०२४च्या जानेवारीत शेंद्र्याला ऑरिक औद्योगिक नगरीत मासिआनं, म्हणजे मराठवाड्यातल्या लहान उद्योजकांच्या संघटनेनं, एवढा मोठा एक्स्पो भरवला, तोही आपल्याच माणसांनी. बाकी इथंही हे प्रदर्शनाचं प्रस्थ काही पिढ्यानपिढ्यांचं नाही, १९४७ला, युद्धात सगळं मोडून पडल्यावर, जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये सुरू झालेलं आहे. आपलं स्वातंत्र्य आणि यांची जत्रा एकाच ऑगस्टमधली.

असो. काका.

लातूरचे, लहान डाळमिल बनवतात, तीन बाय तीन मीटरचा स्टॉल घेतलेला. मशीनच्या लाकडी पेटीवर गव्हाच्या लोंबीचा तो शिक्का असतो ना, लाकूड तापवून कीड मारलीय असं सांगणारा, तो अगदी व्यवस्थित. मोठमोठ्या कंपन्या हा विसरतात. त्यांच्या मुलानं मेल केला, इंग्रजीत, "मशीनच्या डेमोसाठी प्रॉपर लाईट द्यावी." आमच्या फॉर्ममध्ये दिवे एका पानावर आणि वीजजोडणी दुसऱ्याच पानावर. फॉर्म त्यांनी भरलाच नाही, मेल केलाय ना! माझ्या जर्मन कलीगनं मेल वाचला, तिला वाटलं मशीन उजेडात दिसायला पाहिजे, तिनं तीन स्पॉटलाईट टाकले. तिची चूक नाहीच.

मग काकांचा मला फोन. "ताई, लाईटचं तेवढं बघा."

समोर स्क्रीनवर ऑर्डर उघडी. म्हणलं, "झालंय काका, काळजी करू नका."

"तीन हाय ना पर?"

"हो काका, तीनच टाकलीय."

ते विचारायले थ्री फेजच्या विजेचं, मी बघायले दिव्यांचा आकडा. दोघंही खूश. आणि तो फोन झाल्यावर मी मेल लिहिला नाही, कारण आपल्या माणसाशी मराठीत बोलणं झालंय, आता मेल कशाला.

आता तुम्हीच सांगा, जालन्यात वाढलेल्या बाईला लाईट म्हणजे काय हे कळू नये? लाईट गेली, लाईट आली, लाईटबिल, शेताला रात्रीची लाईट. हे लागलं मला. चुकीपेक्षा हे जास्त लागलं. त्या दिवशी माझ्याकडं ऐंशी मेल होते ही गोष्टही खरीय, पण जाऊ द्या.

स्टॉल लावायच्या दिवशी संध्याकाळी काका हातात केबल घेऊन उभे, वायरी सोललेल्या, डोक्यावर तीन दिवे लखलखायलेत. "ताई, लाईट कुठाय ओ?"

मी धावत हॉलच्या इलेक्ट्रिशियनकडं. साठीचा माणूस, पांढऱ्या मिशा. त्यानं एकच विचारलं, ऑर्डर नंबर? म्हणलं, नाही. तर त्यानं दोन्ही हात खिशात घातले. खरंच घातले! मला इतका राग आला की आमचा बनियनवाला आठवला. सर्व्हिस काउंटरला रांग, फॉर्म, उशिराचा जादा आकार (तो आमच्या कंपनीनं भरला, माझ्या बॉसनं एक शब्द बोलला नाही, नुसतं बघितलं), नंबर घेऊन पळत आले तर साडेसात वाजलेले. म्हणलं हा गेला असणार. तर काकांच्या मशीनजवळच मिशावाले गुडघ्यावर बसलेले, मोटरची पट्टी वाचायलेले. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. इथं ४०० असतात, चालतंय. नंबर बघितला, तेव्हा कुठं हात खिशातून केबलकडं गेले. स्वतःच्या पेटीतून लाल पाच पिनांचा प्लग काढून काकांच्या केबलला बसवला, उसना, पावतीवर सही घेऊन.

मशीन सुरू झालं आणि काका ओरडले, "उलटी फिरायली! उलटी!" हवेत बोट गरागरा फिरवून दाखवलं. मी जर्मन शब्द शोधेपर्यंत मिशावाल्यांनी मान हलवली, प्लग उपसला, पिनांच्या मधल्या गोल चकतीत बारका स्क्रूड्रायव्हर दाबून अर्धा फेरा दिला, परत खोचला. पट्टा सुलटा फिरायला लागला.

काकांनी तो प्लग मागून घेतला, उलटापालटा करून बघितला. "एवढंच? आमच्याकडं अंधारात स्टार्टर खोलून वायरी बदलाव्या लागत्यात." मग पसाभर तूर ओतली आणि निघालेली पहिली डाळ मिशावाल्यांच्या हातावर ठेवली. त्यांना वाटलं असंच खायचंय, दोन दाणे तोंडात टाकले बिचाऱ्यांनी. दोघं हसले. मला कुणी काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी कलीगला सगळं सांगितलं. तिनं वही काढली, लिहून घेतलं: भारत, लाईट म्हणजे वीज. मग पेन थांबवून विचारलं, "आणि मग दिव्याला काय म्हणता?"

म्हणलं, "लाईटच."