जर्मन क्रियापदाचं घर

जर्मनीतल्या उल्ममध्ये नर्स म्हणून आले, त्या माझ्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रपाळी सुरू होताना वॉर्डच्या मागच्या खोलीत युबरगाबे चालली होती, म्हणजे एका पाळीने दुसऱ्या पाळीला पेशंट सोपवणं. संध्याकाळची सहकारी एकेका खोलीबद्दल भराभर सांगत होती, मी लिहून घेत होते. एका आजोबांबद्दल ती म्हणाली, "एर हाट दी टाब्लेटन उम आख्ट..." ‘त्यांनी गोळ्या आठ वाजता’ एवढं कानावर पडलं आणि मी गोळ्यांपुढे बरोबरची खूण करून मोकळी झाले. तिचं वाक्य संपलं ते ‘फरवाइगर्ट’ या शब्दावर. फरवाइगर्ट म्हणजे नाकारल्या. तिचं माझ्या कागदाकडे लक्ष होतं, तिने लगेच खूण खोडायला लावली. काही बिघडलं नाही.

पण मला ते रात्रभर लागून राहिलं. शब्द मला माहीत नव्हता असं नाही. मिरजेत राहून अभ्यास करून, पुण्याला जाऊन परीक्षा देऊन मी जर्मनच्या ए-१ या पहिल्या पातळीपासून बी-२ या चौथ्या पातळीपर्यंत आले होते. चूक झाली ती वाक्य संपायच्या आधी माझ्या कानाने ते संपवून टाकलं म्हणून.

सकाळी पाळी सुटल्यावर ट्रामच्या थांब्यावरून आईला फोन केला. तिकडे अकरा वाजले होते. आई म्हणाली, "अगं, बाबांनी कालची बीपीची गोळी परत..." आणि मध्येच कुकर बंद करायला गेली. मी फोन कानाला लावून थंडीत उभी. घेतली? टाळली? दोनदा घेतली? आई परत आली आणि म्हणाली, "टाळली बघ."

तेव्हा लक्षात आलं की मराठीत मी क्रियापदाची वाट बघतेच. जन्मापासून बघत आलेय. ‘बाबांनी कालची गोळी’ एवढं ऐकून मी कुठलाही निष्कर्ष काढत नाही. मग तेच वाक्य जर्मनमध्ये आलं की मी घाई का करते?

उत्तर मला आज स्पष्ट दिसतं. मी जर्मन इंग्रजीतून शिकले. आमच्या क्लासमध्ये फळ्यावर आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म असा इंग्रजी साचा काढला जायचा आणि नंतर एकेक ‘अपवाद’ सांगितला जायचा. ‘वाइल’ (कारण) आलं की क्रियापद शेवटी. ‘दास’ (की) आलं की शेवटी. ‘मुस’ (करायला हवं) किंवा ‘कान’ (करू शकते) आलं की दुसरं क्रियापद शेवटी. भूतकाळ असला की अर्धं क्रियापद शेवटी. वहीची दोन पानं अपवादांनी भरली होती. आम्ही पंधराजणी, सगळ्या सांगली-कोल्हापूरकडच्या, मराठीत विचार करायचो, त्याचं मनात इंग्रजी करायचो आणि मग त्या इंग्रजीतले शब्द उचलून जर्मन जागांवर ठेवत बसायचो. शिकवणाऱ्यांचा हेतू चांगला होता, मेहनतही होती. पण रस्ता लांबचा होता, आणि याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यातल्या काही हुशार मुली बी-१ ला थकून थांबल्या.

मला जवळचा रस्ता सापडला तो एका कागदावर. वॉर्डमध्ये प्रत्येक पेशंटसाठी काय काय करायचं याची यादी असते. त्यात लिहिलेलं असतं: ब्लूटड्रुक मेसन. फरबांड वेक्सेल्न. म्हणजे रक्तदाब मोजणे. ड्रेसिंग बदलणे. आमच्या घरात राहणाऱ्या दुसऱ्या नर्सने स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं होतं: म्युल राउसब्रिंगन, ब्लूमन गीसन. कचरा बाहेर नेणे, फुलझाडांना पाणी घालणे. आणि माझ्या डोळ्यांसमोर मिरजेतला आमचा फ्रिज आला, त्यावरची आईची यादी: दळण टाकणे. लाइटबिल भरणे. काकूंना फोन करणे.

क्रम तोच! आधी वस्तू, मग काम. इंग्रजी यादीत ‘भरा’ आधी येतं आणि ‘बिल’ नंतर.

मग मी यादी लांबवून पाहिली. ‘मॉर्गन मिट डेम त्सूग नाख उल्म फारन.’ उद्या रेल्वेने उल्मला जाणे. मॉर्गन उद्या, मिट डेम त्सूग रेल्वेने, नाख उल्म उल्मला, फारन जाणे. आपले ‘ने’ आणि ‘ला’ शब्दाच्या मागे लागतात, त्यांचे ‘मिट’ आणि ‘नाख’ पुढे बसतात, एवढाच फरक. बाकी तुकड्याला तुकडा जुळतो. अनेक भाषाशास्त्रज्ञ जर्मनचा मूळ क्रम कर्ता, कर्म, क्रियापद असाच मानतात, हे मला फार नंतर कळलं. म्हणजे क्रियापद शेवटी जातं हा अपवाद नव्हेच. ते त्याचं घर आहे.

मग साधं वाक्य कसं होतं? क्रियापदाचा जो भाग कर्त्याप्रमाणे बदलतो, तेवढाच घरातून उठतो आणि वाक्यात दुसऱ्या जागेवर जाऊन बसतो. ‘इश फारे मॉर्गन मिट डेम त्सूग नाख उल्म.’ इश म्हणजे मी, फारे म्हणजे जाते. बाकी सगळं जागच्या जागी राहतं.

हे खरं आहे याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे तुटणारी क्रियापदं. आउफश्टेहन म्हणजे उठणे, आनफांगन म्हणजे सुरू करणे. सकाळपाळीच्या दिवशी मी म्हणते:

"इश श्टेहे उम फ्युन्फ आउफ, वाइल इश उम झेक्स आनफांगे."

मी पाचला उठते, कारण मी सहाला सुरू करते. पहिल्या भागात ‘श्टेहे’ पुढे गेलं आणि ‘आउफ’ एकटं शेवटी राहिलं, जिथे अख्खं क्रियापद मुळात होतं तिथे. दुसऱ्या भागात ‘वाइल’ने दुसरी जागा बंद केली, मग ‘आनफांगे’ कुठे जाणार? घरीच राहिलं, अखंड. हे एक वाक्य नीट पचलं तर वहीतली ती दोन पानं फाडून टाकता येतात. मी ते कार्डावर लिहून अॅप्रनच्या खिशात महिनाभर बाळगलं होतं.

पुढे गेलेला तुकडा आणि मागे राहिलेला तुकडा, या दोघांमध्ये बाकीचं वाक्य धरलं जातं. जर्मनमध्ये त्याला झात्सक्लामर म्हणतात, वाक्याची कंसजोडी. गोळ्यांच्या त्या वाक्यात ‘हाट’ने कंस उघडतो आणि ‘फरवाइगर्ट’ने बंद होतो. मधल्या भागाला मिटलफेल्ड म्हणतात आणि क्रियापदाच्या आधीच्या जागेला फोरफेल्ड. एरिख द्राख या जर्मन अभ्यासकाने वाक्याची अशी क्षेत्रं १९३७ साली मांडली. मला युबरगाबेत याचा उपयोग असा झाला: ‘हाट’ ऐकू आलं की कंस उघडला, तो बंद होईपर्यंत पेन उचलायचं नाही.

आता क्रियापदं एकाहून जास्त असली तर काय होतं ते पाहा, कारण इथे मराठी माणसाला मिळणारा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. ‘दास झी वीडर लाउफन कान’, की ती परत चालू शकते. लाउफन चालू, कान शकते. ‘दास इश देन फरबांड गेवेक्सेल्ट हाबे’, की मी ड्रेसिंग बदललं आहे. गेवेक्सेल्ट बदललं, हाबे आहे. आणि तिहेरी: ‘दास देर पाट्सिएन्ट ओपरीर्ट वेर्डन मुस’. की पेशंटवर शस्त्रक्रिया केली जायला हवी. ओपरीर्ट, शस्त्रक्रिया केली. वेर्डन, जायला. मुस, हवी. तिन्ही एकामागोमाग एक, आपल्याच क्रमाने. इंग्रजीत हीच रांग बरोबर उलटी लागते. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी लहानपणापासून इंग्रजीच बोलत आलेली आहे, तिला हे वाक्य आजही थांबून जुळवावं लागतं. मला ते आईच्या तोंडून आल्यासारखं वाटतं.

मिटलफेल्डमधल्या क्रमासाठी क्लासमध्ये ‘टेकामोलो’ पाठ करून घ्यायचे: आधी काळ, मग कारण, मग रीत, मग ठिकाण. आता मराठीत बोलून बघा: मी उद्या पावसामुळे बसने कामावर जाईन. उद्या, पावसामुळे, बसने, कामावर. टेकामोलोच आहे हे. आपण मराठीत शब्द हवे तसे हलवू शकतो, पण काही जोर न देता सहज बोललं की हाच क्रम येतो. पाठ करायची गरज नव्हती, कुणीतरी कानाकडे बोट दाखवायला हवं होतं.

लेखी जर्मनमध्ये तर आपली ‘लेला-लेली-लेलं’ची रचनासुद्धा भेटते. ‘दी फोम आर्त्स्ट फरओर्डनेटन मेडिकामेन्टे’, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं. ‘देर आम मोन्टाग ओपरीर्टे पाट्सिएन्ट’, सोमवारी ऑपरेशन झालेला पेशंट. बोलताना लोक हे फारसं वापरत नाहीत, पण कार्यालयीन पत्रं आणि अहवाल अशा वाक्यांनी भरलेले असतात. परदेशी सहकारी त्यांना घाबरतात. मी ती मराठीत वाचते.

आकड्यांचंही असंच. फ्युन्फउंडत्स्वान्सिश म्हणजे पाच-आणि-वीस. पंचवीस. एककं आधी. मोजमाप मराठीत मनात म्हटलं की कागदावर आकडे उलटे पडत नाहीत.

एक गोष्ट मात्र मराठी देत नाही, आणि ती म्हणजे दुसरी जागा. ‘मॉर्गन इश फारे’ हे मी इतक्यांदा म्हटलंय! आपल्याला ‘उद्या मी जाते’ आणि ‘मी उद्या जाते’ दोन्ही चालतं, म्हणून ‘मॉर्गन’ पुढे घेतलं तरी ‘इश’ त्याच्या मागोमाग यावंसं वाटतं. जर्मनमध्ये फोरफेल्डात एकच पाहुणा बसतो. ‘मॉर्गन’ बसलं की ‘इश’ला उठून क्रियापदाच्या मागे जावं लागतं: मॉर्गन फारे इश. दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे, दुसरा तुकडा. तो पहिला पाहुणा अख्खं वाक्यही असू शकतं: ‘वेन एस रेगनेट, ब्लाइबे इश त्सु हाउझे.’ पाऊस पडला तर मी घरी राहते. स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना क्रियापदं समोरासमोर येतात, कारण ‘वेन’चं सगळं मिळून एक जागा झाली. ‘उंड’ (आणि), ‘आबर’ (पण), ‘ओडर’ (किंवा), ‘देन’ (कारण) आणि ‘झोन्डर्न’ (नव्हे, तर) हे पाच मात्र जागाच अडवत नाहीत, दारात उभे राहतात. म्हणून ‘देन’ आणि ‘वाइल’ दोन्हींचा अर्थ ‘कारण’ असला, तरी ‘देन’नंतर क्रियापद दुसऱ्या जागी आणि ‘वाइल’नंतर शेवटी. बोलण्यात जर्मन माणसं ‘वाइल’नंतरही कधीकधी क्रियापद दुसऱ्या जागी ठेवतात. ते ऐकून गोंधळू नका आणि परीक्षेत लिहू नका.

ही सवय लागायला मला वर्ष गेलं, आणि ती फक्त मोठ्याने बोलूनच लागली. ट्रामच्या थांब्यावर पुटपुटायचे: हॉइटे हाबे इश, गेस्टर्न हाबे इश, उम आख्ट हाबे इश. आज मी, काल मी, आठ वाजता मी, आणि दर वेळी ‘हाबे’ दुसऱ्या जागी. आपल्याकडे काश्मिरीतसुद्धा क्रियापद दुसऱ्या जागी येतं, असं समजल्यावर मला उगाच धीर आला. आपल्याच भाषाकुळातल्या एका बहिणीला जे जमतं ते आपल्यालाही जमेल.

आता दर रविवारी दुपारी मी सांगलीतल्या सहा मुलींना व्हिडिओ कॉलवर शिकवते. त्यांचा ए-२ चालू आहे. सुरुवात मराठी यादीने करतो. सकाळी काय काय करायचं ते ‘णे’ लावून सांगायचं, मग तेच त्याच क्रमाने जर्मनमध्ये, आणि शेवटी एकच हालचाल: बदलणारा तुकडा उचलून दुसऱ्या जागी. इंग्रजी मध्ये येऊ द्यायचं नाही, कुणी आणलंच तर बाकीच्या थांबवतात.

गेल्या रविवारी त्यांच्यातली सगळ्यात शांत मुलगी म्हणाली, "ताई, पण घर शेवटी आहे तर ते पुढे जातंच कशाला?" मी तिला म्हटलं, ऐकणाऱ्याला वाक्याची जात कळावी म्हणून. ‘कॉम्स्ट डू?’ म्हणजे तू येतेस का? क्रियापद पहिलं, हा प्रश्न. ‘डू कॉम्स्ट.’ दुसरं, हे विधान. ‘वाइल डू कॉम्स्ट’, शेवटी, म्हणजे हे कुणाच्या तरी आधाराने उभं आहे, एकटं पुरं नाही. आपण जे काम ‘का’ लावून करतो, ते जर्मन क्रियापदाची जागा बदलून करते. ती थोडा वेळ वहीत बघत राहिली आणि कॅमेरा बंद करून गेली. मला वाटलं, नाही पटलं.

रात्री ग्रुपवर तिचा आवाजी मेसेज आला. सोमवारी तिची पहिली पाळी होती म्हणून लवकर झोपायचं, असं तिला सांगायचं होतं. "इश गेहे हॉइटे फ्र्यू इन्स बेट," ती म्हणाली, मग जरा थांबली, मागे आईचा आवाज येत होता, आणि मग एका दमात, "वाइल इश मॉर्गन आरबाइटन मुस."