‘अजून फक्त दहा!’

डोंबिवलीत व्यायामाच्या बॅचेस अंधारात सुरू होतात, कारण लोकल. सकाळची फास्ट गाठायची तर डबे, आंघोळी, मुलांची शाळेची गडबड हे सगळं त्याआधी उरकावं लागतं. बाईच्या स्वतःच्या वाट्याला राहतात ती पावणेसहा ते साडेसहा एवढीच पंचेचाळीस मिनिटं. तेवढ्यासाठी पाच वाजता उठणाऱ्या बायकांबद्दल मला फार आदर आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कंबर धरून येणारे माझे बहुतेक पेशंट हालचाल कमी पडल्यामुळे आलेले असतात. म्हणून व्यायाम करताना दुखापत झालेलं कोणी आलं की मला जास्त लागतं, कारण ती व्यक्ती पुढे व्यायामाच्या वाटेलाच जात नाही.

गेल्या पावसाळ्यात एकाच बॅचमधल्या दोघी एका आठवड्यात माझ्याकडे आल्या.

पहिली चाळिशीतली, बँकेत काम करणारी. नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन, एका अंगाला कललेली. “सिटअप्स चालू होत्या, शेवटच्या काहींना कळ आली आणि कंबरेत उसणच भरली. गादी सरकली असेल ना हो?” उजव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या होत्या. मी पायाच्या अंगठ्याची ताकद पाहिली, टाचेवर आणि चवड्यावर चालायला लावलं आणि दोन प्रश्न विचारले, जे विचारताना पेशंट नेहमी संकोचतात: लघवी रोजच्यासारखी होते का, आणि बसतो त्या जागेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे का. यातलं काही असतं तर त्याच रात्री तिला हॉस्पिटलात पाठवावं लागलं असतं. मज्जारज्जूच्या खालच्या टोकाच्या नसा दबल्या तर तासांचा हिशेब असतो. सुदैवाने तसं काही नव्हतं. थोडं पालथं झोपणं, थोडं थोडं चालणं आणि सुरुवातीचे काही दिवस पुढे वाकणं बंद, एवढ्यावर ती काही आठवड्यांत बरी झाली. अशा बहुतेक कंबरा बऱ्या होतात.

दुसऱ्या काकूंचं तसं नव्हतं. वय पासष्टीच्या आसपास. त्यांचं दुखणं कंबरेच्या जरा वर, पाठीच्या मधोमध. मणक्यांवर बोटाने हलकं ठोकत गेले तर एका ठिकाणी त्या एकदम कळवळल्या. “क्रंचेस करताना कट्‌कन वाजल्यासारखं झालं, पण सगळ्या करत होत्या म्हणून मीही पुऱ्या केल्या,” असं त्या म्हणाल्या. मी हात न लावता त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे एक्स-रेसाठी पाठवलं. छातीच्या मणक्यांपैकी सगळ्यात खालचा, बारावा मणका पुढच्या बाजूने दबला होता. नंतर हाडांची घनता मोजली, तर तिचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे तीनच्या खाली. उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा म्हणतात. काकूंची पिशवी चाळिशीतच काढली होती, सोबत अंडाशयंही. पाळी इतक्या लवकर गेल्यावर हाडं ठिसूळ होतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि बॅचमध्ये नाव घालताना कोणी विचारलंही नव्हतं.

या बाबतीत १९८४ सालचा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या मेहरशीद सिनाकी यांचा अभ्यास मला विसरता येत नाही. मणक्यांचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ बायका, वेगवेगळ्या गटांत. ज्यांना पुढे वाकण्याचे, म्हणजे सिटअप्सच्या जातीचे व्यायाम दिले त्यांच्यातल्या ८९ टक्के जणींचे मणके पुढच्या काळात आणखी दबले. काहीच व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण ६७ टक्के होतं आणि पाठ मागे ताणणारे व्यायाम करणाऱ्यांत फक्त १६ टक्के. अभ्यास छोटा आहे, पण तो वाचल्यानंतर साठीच्या बाईला सिटअप्स करताना पाहून मला स्वस्थ बसवत नाही.

मी ट्रेनरना फोन केला. पंचविशीतला तरुण, बोलायला अदबशीर. तक्रार करायची आहे असं न म्हणता “तुमची बॅच बघायला येऊ का?” एवढंच विचारलं. “या ना मॅडम, उद्याच या,” तो म्हणाला.

हॉल एका सोसायटीचा. फरशीवर पातळ मॅट, बाहेर धो धो पाऊस, आत ढोलाच्या ठेक्यावरचं गाणं आणि चाळीसएक बायका. कॉलेजातली मुलगी, सहा महिन्यांपूर्वी बाळंत झालेली एक जण, पन्नाशीच्या शिक्षिका, माझ्या पेशंट काकूंच्या दोन मैत्रिणी. तीनचार मिनिटं जागच्या जागी उड्या, मग गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरणं, की लगेच सगळ्या आडव्या. जोडीदारणीने पाय दाबून धरायचे आणि सिटअप्स सुरू. त्यानंतर दोन्ही पाय सरळ वर उचलून खाली आणणं. मग पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन रशियन ट्विस्ट, म्हणजे बसून, मागे रेलून, पाय उचलून अंग डावीकडे-उजवीकडे पिळणं.

मी मागे भिंतीला टेकून बघत होते. पहिल्या सातआठ सिटअप्स बहुतेकींच्या ठीक होत्या. नंतर हात डोक्यामागे जाऊन मान ओढायला लागले, श्वास कोंडला, अंग हिसक्याने वर यायला लागलं. आणि ट्रेनर? तो समोरच्या व्यासपीठावर स्वतः पाठीवर झोपून करून दाखवत होता. त्याची नजर छताकडे. मागे काय चाललंय ते त्याला दिसणं शक्यच नव्हतं. त्याच्याकडून फक्त आवाज येत होता, “सोडायचं नाही! अजून फक्त दहा!”

मला त्या क्षणी वाटलं ते आजही वाटतं. इतकी वर्षं आपण सगळे कुठला व्यायाम चांगला आणि कुठला वाईट यावर वाद घालतोय, आणि ग्रुप क्लासमध्ये इजा होते ती त्या सामाईक आकड्यामुळे. विशीची मुलगी आणि साठीच्या काकू यांच्यासाठी एकच वीस. पोटाचे स्नायू दमले की काम मांडीच्या मुळाशी असलेल्या स्नायूंकडे आणि मानेकडे जातं, आणि इजा नेमकी त्या शेवटच्या पाचदहांत होते. घरी एकटी असती तर तीच बाई अकराव्याला थांबली असती. इथे शेजारची चालू ठेवते म्हणून हीसुद्धा चालू ठेवते.

गाणं संपल्यावर मी ट्रेनरला विचारलं, “दोन मिनिटं मी काही करून बघू का?” त्याने लगेच माइक दिला. मी सगळ्यांना म्हटलं, “दोन्ही पाय सरळ उचला, जमिनीपासून हातभर वर धरा, आणि जिथे सगळ्यात जास्त ताण जाणवतोय तिथे एक हात ठेवा.” हात कुठे जातील याचा मला अंदाज होता, पण एवढं स्पष्ट दिसेल असं वाटलं नव्हतं. बहुतेक हात कंबरेखाली सरकले. बरेच मांडीच्या वरच्या भागावर गेले, काही मानेवर. पोटावर हात ठेवणाऱ्या मोजक्याच होत्या, त्याही पुढच्या रांगेतल्या तरुण मुली. ट्रेनर व्यासपीठावर उभा राहून ते बघत होता. त्याने हळूच आवाज कमी करून मला विचारलं, “मॅडम, पोटाचा व्यायाम आहे ना हा?”

मग मी समजावलं. कंबरेच्या मणक्यांपासून निघून ओटीपोटातून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा सोअस नावाचा जाड स्नायू आहे. पाय उचलण्याचं काम तो करतो. पोटाच्या स्नायूंनी त्या वेळी कमरेचं हाड घट्ट धरून ठेवायचं असतं. ते कमी पडले की सोअस कंबरेच्या मणक्यांनाच पुढे ओढतो आणि कंबरेखाली पोकळी होते. पाळण्याच्या दोरीने आढंच ओढलं जावं तसं. म्हणून मी प्रत्येकीला तळहात कंबरेखाली ठेवायला सांगितला. हातावरचा दाब जिथे सुटला तिथे तुमचा व्यायाम संपला, मग तो तिसऱ्यांदा असो की तेराव्यांदा. एक पाय वाकवून जमिनीवर ठेवला आणि दुसराच उचलला तर बहुतेकींचा दाब सुटत नव्हता. त्या दिवशी तेवढंच केलं.

सिटअप्सबद्दल विचारलंच कोणीतरी. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठीच्या कण्यावर आयुष्यभर संशोधन केलं. त्यांच्या मोजणीत एका सिटअपला कंबरेच्या मणक्यांवर जवळपास ३,३०० न्यूटन दाब येतो, म्हणजे साधारण ३४० किलो वजनाएवढा. अमेरिकेत ओझी उचलणाऱ्या कामगारांसाठी सावधगिरीची जी मर्यादा आखली आहे ती ३,४०० न्यूटनची. निरोगी तरुण पाठ हा दाब सोसते, यात शंका नाही, आणि सिटअप केली की गादी सरकलीच असं सांगून बायकांना घाबरवणं मला मान्य नाही. पण रोज, दमलेल्या अंगाने, हिसके देत तोच दाब घ्यायचा कशासाठी? पोट कमी व्हावं म्हणून? २०११ सालच्या एका छोट्या प्रयोगात लोकांनी सहा आठवडे फक्त पोटाचे व्यायाम केले. त्यांच्या पोटाच्या स्नायूंचा दम वाढला, चरबी मात्र होती तेवढीच राहिली. हे ऐकून हॉलमध्ये जी कुजबुज झाली ती दुसऱ्या कुठल्याही मुद्द्याला झाली नाही.

वेळेचा प्रश्नही होताच. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरने जास्त भरते, आणि सकाळीच पाठ जास्त ताठ वाटते. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताणही जास्त येतो. अमेरिकेतले संशोधक स्टोव्हर स्नूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना उठल्यावर पहिले काही तास वाकणं टाळायला शिकवलं, तर त्यांचं दुखणं कमी झालं. डोंबिवलीकरणीला “बॅच दहा वाजता ठेवा” असं सांगून उपयोग नाही. पण उंचीतली निम्म्याहून जास्त घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासात होते, तर क्रम बदलता येतो ना! आधीची पंचवीस मिनिटं उभ्याने: चालणं, स्क्वॉट, भिंतीवर पुश-अप. जमिनीवर यायचं ते शेवटी. अंगठे धरण्याचा प्रकार सुरुवातीला अजिबात नको.

जमिनीवर काय करायचं ते मी आणि ट्रेनरने मिळून ठरवलं. मॅकगिल यांचेच तीन व्यायाम घेतले. पहिल्यात एक गुडघा वाकवून, कंबरेखाली दोन्ही हात ठेवून डोकं आणि खांदे जेमतेम उचलायचे. दुसरा साइड प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन एका कोपरावर अंग सरळ तोलून धरायचं, नवशिक्यांनी गुडघ्यांवर. तिसरा बर्ड डॉग, म्हणजे ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय एका रेषेत लांब करायचा, मग उलट. प्रत्येक स्थिती दहाएक सेकंद धरायची आणि श्वास चालू ठेवायचा. आकडा मोठ्याने म्हणायचा नाही, ही माझी एकच अट होती. ट्रेनरने करून दाखवल्यावर उठून रांगांमधून फिरायचं, ही त्याने स्वतःच सुचवली. पहिलीसाठी मला भांडावं लागेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. अडचण त्याने वेगळीच सांगितली आणि ती खरी होती. “मॅडम, दुसऱ्या दिवशी पोट दुखलं नाही तर बायका म्हणतात फी वाया गेली.”

म्हणून दुखण्या-दुखण्यातला फरक सगळ्यांना सांगावा लागला. स्नायू आंबले तर दोन्ही बाजूंना सारखे, दाबल्यावर दुखतात आणि दोनतीन दिवसांत ओसरतात. करता करता कंबरेत किंवा पाठीत अचानक चमक भरली, खोकल्यावर-शिंकल्यावर कळ आली, दुखणं पायात उतरलं, मुंग्या आल्या, तर थांबायचं आणि दाखवायचं. बाळंत झालेल्या मुलीचं पोट मी बाजूला नेऊन तपासलं. बेंबीच्या वर, डोकं जरासं उचलल्यावर पोटाच्या डाव्या-उजव्या स्नायूंमधली फट तीन बोटांची होती. तिला काही महिने सिटअप आणि पूर्ण प्लँक बंद केले आणि क्लिनिकवर बोलावलं. शिक्षिका बाईंना खात्री होती की त्यांची कंबर सिझरच्या वेळच्या पाठीतल्या इंजेक्शनमुळे दुखते. हे मी रोज ऐकते. इंजेक्शनच्या जागी काही दिवस दुखू शकतं, पण वर्षानुवर्षं नाही. वर्षानुवर्षं दुखतं ते बहुतेकदा बाळंतपणानंतर पोट आणि पाठ पुन्हा कमावली गेली नाही म्हणून, आणि त्यावर उपाय आहे, हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

आता त्या बॅचला नाव घालताना एक पानभर प्रश्न असतात. पाळी कधी गेली, पिशवी किंवा अंडाशयं काढली आहेत का, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या का, साध्या पडण्याने हाड मोडलं होतं का, शेवटची डिलिव्हरी कधी, कंबरेतून पायात कळ जाते का. खरी उत्तरं मिळायला वेळ लागतो. चारचौघींत पाळीबद्दल लिहायला बायका बिचकतात, म्हणून ट्रेनरच्या बहिणीने ते फॉर्म घेण्याचं काम स्वतःकडे घेतलंय. काकूंना हाडांच्या डॉक्टरांनी औषधं सुरू केली आणि त्यांनी परवानगी दिल्यावर त्या पुन्हा बॅचला जातात. त्यांचं सगळं उभ्याने, भिंतीपाशी, आणि पाठ ताठ ठेवणारे व्यायाम वेगळे. बँकेतली बाई बर्ड डॉग माझ्यापेक्षा स्थिर करते.

रशियन ट्विस्टवर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. तो बायकांना आवडतो, त्यात घाम येतो, आणि ट्रेनरला तो सोडवत नाही. पाठीला बाक काढून, हातात वजन घेऊन, वेगाने पिळणं हे तिन्ही एकत्र नको, असं माझं म्हणणं आहे. बाटली काढली, पाय जमिनीवर आले, वेगही निम्मा झाला, इथवर तो तयार आहे. पन्नाशीच्या पुढच्या बायकांना तो पूर्ण बंद करावा यासाठी मी शनिवारी पुन्हा जाणार आहे.