फाल्गुन कोणत्या सालातला?

शनिवार, रात्री साडेदहा

दुपारपासून पाऊस लागून राहिलाय. टिळकवाडीतून घरी येईपर्यंत पिशवीतले अर्ज कडेनं भिजले. आता जेवणाच्या टेबलावर सुटे करून पंख्याखाली ठेवलेत. तीनच आहेत. कायद्याच्या इतिहासावरचं आमचं षण्मासिक. जुन्या सरांनी डोळ्यांमुळं संपादन सोडलं त्याला चार महिने झाले, आणि आज पहिल्यांदा त्या जागेसाठी माणसं समोर बसली.

मानधन नावापुरतं, काम मात्र बारमाही. आलेल्या लेखावरचं नाव काढून तो दोन जाणकारांकडं पाठवायचा, त्यांचे अभिप्राय लेखकाला पोचवायचे, नको असलेला लेख वेळेत परत करायचा. हे कुणीही नेटका माणूस शिकेल. आमच्या भागात खरी अडचण कागदांची आहे. बेळगाव ब्रिटिश मुलखात, तर लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानात. संस्थानं विलीन होईपर्यंत एवढंसं अंतर चाललं की अंमल बदलायचा. पेशवाईतले निवाडे मोडीत, त्यांवरची सालं सुहूर सनातली, अरबी शब्दांत लिहिलेली; कित्येक घरांतले हिशेब कन्नड कडतांत, म्हणजे काळ्या केलेल्या कापडाच्या घडीच्या वह्यांत; त्यानंतरचे निकाल मुंबई हायकोर्टाचे. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तरी राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११९ व्या कलमानं मुंबईचे कायदे इथं चालूच राहिले. हे सगळं एकाच टेबलावर येतं. म्हणून सरांनी संपादन सोडण्याआधी एक चाचणी तयार करून दिली होती. न छापलेला एक लेख, त्यात वापरलेल्या मूळ कागदांचे फोटो आणि एक भिंग. लेख छापण्याजोगा आहे का, एवढंच सांगायचं.

पहिले निवृत्त न्यायाधीश. फार आदरानं ऐकावं असं बोलले. १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाचं २६ वं कलम त्यांना तोंडपाठ: आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारची रेग्युलेशनं, ती नसतील तिथं देशाची चाल, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय व सद्विवेक. लेखातल्या कायद्याच्या मुद्द्यांवर त्यांनी चार नेमक्या दुरुस्त्या सुचवल्या. फोटो मात्र बाजूला सारले. मोडी येत नाही म्हणाले, सरळ सांगितलं ते आवडलं. दुसरे प्राध्यापक. त्यांनी विचारलं, यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, गेल्यावर तुमच्या अंकाला मान्यता कशाची? प्रश्न रास्त आहे, लेखक मिळवायचे तर उत्तर द्यावंच लागेल. पण लेख त्यांनी दहा मिनिटांत ‘उत्तम’ म्हणून परत दिला.

तिसरी मुलगी बैलहोंगलकडची. घरी कन्नड, मोडी पुण्यात राहून शिकलेली. तिनं लेख उलटा ठेवला आणि आधी भिंग घेतलं. दोघा भावांमधला पाटीलकीच्या वडीलपणाचा तंटा होता तो. थळपत्र, राजीनामे (निवाडा मान्य राहील असं लिहून दिलेले), जामीनकतबे असे खटल्यातले कागद, शेवटी निवाडपत्र. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळं ती बोट न टेकवता, ओठ हलवत, ओळीमागून ओळ वाचत गेली. आम्ही पाचजण गप्प. पाऊण तास गेला.

मग म्हणाली, “सर, निवाड्याचं साल चुकलंय. समान सबैन मया व अलफ म्हणजे आठ, सत्तर, शंभर, हजार. सुहूर ११७८. लेखकानं ५९९ मिळवून १७७७ केलं. पण महिना फाल्गुन आहे. हे साल मृगाला पालटतं. जानेवारी लागली की ६०० मिळवायचे. १७७८ पाहिजे.”

मी वहीत लिहून घेत होतो, तेवढ्यात तिनं कडताचा फोटो पुढं सरकवला. त्यात आकड्यात ११८७. लेखकानं तोही सुहूर धरला होता, आणि तंटा नऊ वर्षं रेंगाळला असा निष्कर्ष काढून त्यावर चार पानं लिहिली होती. “हा फसली आहे, महसुलाचा सन. यात ५९० मिळवायचे. दोन्ही कागद एकाच सालातले आहेत सर. तंटा त्याच साली तुटला.”

सरांनी एकच चूक पेरली होती, फाल्गुनाची. दुसरी त्यांच्याही नजरेतून सुटली होती.

लेखकाला हे कसं कळवणार, असं मी विचारलं. म्हणाली, “आधी फोन करीन. एवढी चार पानं गेल्याचं पत्रातून कळू नये.”

ती गेल्यावर बैठक तासभर चालली. अण्णा आमच्यात सगळ्यांत वडील, मोडीचे जाणते. म्हणाले, “पोरगी हुशार आहे, खरं अंक आपला कन्नड माणसाच्या हातात द्यायचा?” कुणी काही बोललं नाही. मलाही लगेच शब्द सुचले नाहीत. माझे वडील सीमासत्याग्रहात तुरुंगात गेलेले, आणि दर १ नोव्हेंबरला मी काळ्या दिवसाच्या फेरीत चालतो. अण्णांचं दुखणं मला परकं नाही.

पण आत्ता, इथं बसून लिहिताना सांगतो. सीमाभागाबद्दलचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आपण इतकी वर्षं जुने कागद पुढं करूनच बोलत आलो. त्या कागदांवरचं साल आपल्याच अंकात नऊ वर्षांनी चुकलं, तर समोरच्यानं आपला पुढचा कागद का वाचावा? आज आमच्या पाचांपैकी एकानंही कडताचा फोटो नीट पाहिला नाही. कन्नड होतं म्हणून पाहिला नाही. तिनं दोन्ही पाहिले, आणि एकाला दुसऱ्याच्या वर बसवलं नाही.

मोडीतला लेख आला आणि तिला एखादा शब्द अडला, तर विचारायला अण्णा आहेतच. हे त्यांना बैठकीत सांगायला हवं होतं. न्यायाधीशसाहेबांना सल्लागार म्हणून विनंती करायची असंही मनात आहे, त्यांच्या चार दुरुस्त्या वाया जाता कामा नयेत.

सोमवारी मतं द्यायची आहेत. उद्या सकाळी अण्णांकडं शहापूरला जातो. त्यांना काही समजावायला जात नाही. निवाडपत्र आणि कडत, दोन्ही फोटो नेतो, भिंगही, आणि लेख न दाखवता विचारतो, हे दोन कागद किती वर्षांच्या अंतराचे?

अर्ज वाळले. कडा थोड्या वाकल्यात, जाड पुस्तकाखाली ठेवतो.