नॉक्सव्हिलच्या पॅटबाई

आम्ही अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात एका गुरुवारी शेजारच्या आजींनी दार वाजवलं. "हनी, आज रात्री मोकळी आहेस का?" या राज्यात मला इतक्या लोकांनी हनी म्हटलंय की आता कोणी नावाने हाक मारली तर काही चुकलं की काय असं वाटतं. आजींकडे बास्केटबॉलच्या सामन्याचं एक तिकीट जास्तीचं होतं, कारण त्यांच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. काय घालून येऊ, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "काहीही घाल, फक्त ऑरेंज असू दे." माझ्याकडे त्या रंगाची एकच वस्तू होती, मिरजेहून आणलेली केशरी ओढणी. स्वेटरवर ती गुंडाळून मी निघाले. अख्खं गाव भगवं होऊन नदीच्या दिशेने चाललं होतं. क्षणभर वाटलं, दिंडीत आलोय.

कॉलेजच्या मुलींचा सामना, म्हणजे फार तर दोनशे माणसं असतील असं मी धरून चालले होते. निम्मे आईबाप, निम्म्या मैत्रिणी. आत गेले आणि गप्प झाले. वीसेक हजार माणसं मावतील एवढं ते बंदिस्त रिंगण, आणि त्यात म्हातारे नवरा-बायको, कडेवरची पोरं, ट्रक चालवणारे दाढीवाले बाप्ये, सगळे मुलींचा खेळ बघायला आलेले. आजींची जागा 1987 पासूनची, म्हणजे हे रिंगण उघडलं तेव्हापासूनची. इथे आत न्यायला पारदर्शकच पिशवी लागते. आजींच्या पिशवीत पेपरमिंटच्या गोळ्या, एक पेन्सिल आणि एक वही होती. डोक्यावर घराएवढा पडदा सगळे आकडे दाखवत असताना आजी हाताने फाउल लिहून घेत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, पडदा चुकतो कधी कधी.

खाली लाकडी मैदानावर एक सही रंगवलेली दिसली. 'द समिट'. समिट म्हणजे शिखर हे मला माहीत होतं, पण शेवटी एक टी जास्तीचा कशाला, हे कळेना. आजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं पंढरपुरात कोणी "हा कमरेवर हात ठेवलेला कोण?" असं विचारावं. पहिला मध्यंतर तिथेच संपला.

पॅट समिट. इथे लहानथोर सगळे तिला नुसतं पॅट म्हणतात. मला ते जमत नाही. शिकवणाऱ्या बाईला बाई म्हणायचं हे अंगात मुरलेलं, म्हणून मी मनात पॅटबाई म्हणते आणि इथेही तेच लिहिणार आहे. इथल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या त्या मुख्य प्रशिक्षक, 1974 ते 2012. 38 हंगाम, 1098 विजय, 208 पराभव, 8 राष्ट्रीय विजेतेपदं, आणि जिंकण्यापेक्षा हरणं जास्त झालं असा हंगाम एकही नाही. हे आकडे आजींनी पेपरमिंट चघळत पाठ म्हणून दाखवले. मला मात्र सुरुवातीची गोष्ट जास्त धरून बसली.

पॅटबाई शेतकऱ्याच्या घरातल्या. क्लार्क्सव्हिलजवळ गाई आणि तंबाखूचं शेत. थोरले भाऊ तीन, आणि वैरणीच्या माळ्यावर ठोकलेली बास्केटबॉलची कडी. दिवसाची कामं उरकली की रात्री भावांबरोबर तिथे खेळायचं. बाप कडक, कौतुकाचा शब्द नाही. पण गावच्या हायस्कूलला मुलींचा संघ नाही म्हटल्यावर याच बापाने बिऱ्हाड हलवलं आणि जिथे मुलींचा संघ होता त्या शेजारच्या भागात घर केलं. मुलीच्या शाळेच्या संघासाठी शेतकरी घर हलवतो, तेही 1960च्या दशकात. हे ऐकून मी आजींना परत एकदा सांगायला लावलं. पुढे कॉलेजात भावांना खेळावर शिष्यवृत्त्या मिळाल्या. मुलींना शिष्यवृत्ती हा प्रकारच नव्हता, तेव्हा हिची फी घरच्यांनी भरली.

1974 मध्ये त्या नॉक्सव्हिलला आल्या त्या मुळात मास्टर्स करायला, सोबत थोडं शिकवायला आणि संघाला हातभार लावायला. तेवढ्यात आधीच्या प्रशिक्षक बाई बाजूला झाल्या आणि संघ यांच्या गळ्यात पडला. वय 22, आयुष्यात कोणाला प्रशिक्षण दिलेलं नाही, आणि काही खेळाडू जेमतेम वर्षाने लहान. पगार महिना 250 डॉलर. निवड चाचणीत त्यांनी मुलींना इतकं पळवलं की चार जणी पळता पळता दारातून बाहेर पडल्या, जिना चढल्या आणि पुन्हा कधी दिसल्याच नाहीत. सामन्याला जायचं तर व्हॅन पॅटबाईच चालवत. संघाचे कपडे डोनट विकून जमवलेल्या पैशातून घेतलेले होते, आणि ते धुवायच्या पॅटबाईच.

इथे मला आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाई आठवल्या. आमच्या शाळेत खो-खोच्या जर्सींचा एकच संच होता. आधी मुलांचा सामना व्हायचा. मग त्याच ओल्या, घामट जर्सी आम्ही घालायचो, नाक मुठीत धरून. बाईंनी हेडसरांकडे दुसरा संच मागितला तर "मुलींचे सामने असतात तरी किती" असं उत्तर आलं. मग बाईच सगळ्या जर्सी घरी नेऊन निरम्यात भिजवायच्या आणि सकाळी दोरीवरून काढून, अर्धवट वाळलेल्या, आमच्या हातात द्यायच्या. बाई भूगोलही शिकवायच्या. त्यांची नोंद रजिस्टरात भूगोलाचीच होती, खो-खो वरकड.

तर 1974 चा मामला हा असा, आमच्या पीटीच्या बाईंसारखाच वरकड. पहिला सामना पॅटबाई हरल्या, 83-84, एका गुणाने. फरक पडला तो एका कायद्यामुळे. 1972 साली अमेरिकेत टायटल नाइन आला. जे शिक्षणसंस्थेचे कार्यक्रम सरकारचा पैसा घेतात, त्यांत मुलगा-मुलगी असा भेद चालणार नाही, एवढंच 37 शब्दांत म्हणणारा. त्यात खेळ हा शब्दसुद्धा नाही. पण कॉलेजांचा खेळही शिक्षणातच येतो म्हटल्यावर हळूहळू मुलींना शिष्यवृत्त्या आल्या, प्रवासाचे पैसे आले, प्रशिक्षकांना पगार आले. हळूहळू म्हणजे फारच हळू. कॉलेजांच्या मुख्य क्रीडासंघटनेने, एनसीएएने, मुलींची पहिली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा घेतली ती 1982 मध्ये.

आणि खुद्द टेनेसीत काय चाललं होतं? इथल्या हायस्कूलमध्ये मुलींचा बास्केटबॉल वेगळा होता. एका बाजूला सहा मुली, त्यातल्या तिघींनी फक्त चढाई करायची, तिघींनी फक्त बचाव, आणि मैदानाची मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. का, तर पूर्ण मैदान पळणं मुलींना झेपणार नाही. 'झेपणार नाही' हे वाक्य मला वाटत होतं फक्त आपल्याकडेच तयार होतं; निघालं आंतरराष्ट्रीय. एका मुलीने याविरुद्ध कोर्टात धाव घेतली तेव्हा पॅटबाईंनी साक्ष दिली. शिवाय, अर्ध्या मैदानावर खेळलेल्या मुली मला उपयोगाच्या नाहीत, नियम बदलेपर्यंत मी माझ्याच राज्यातल्या मुली घेणार नाही, असंही जाहीर केलं. ही धमकी नुसत्या कोर्टापेक्षा जास्त लागू पडली असं माझं मत. कोणत्या बापाला आपली मुलगी शिष्यवृत्तीला मुकलेली चालेल? 1979 नंतर टेनेसीच्या शाळकरी मुली पूर्ण मैदानावर पळू लागल्या.

दरम्यान बाई स्वतःही खेळत होत्या. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी गुडघा निकामी झाला होता. ती आता पुन्हा खेळू शकणार नाही, असं डॉक्टरचं मत पडलं तेव्हा बापाने सांगितलं, नीट करा, ती ऑलिंपिकला जाणार आहे. 1976 मध्ये माँट्रिअलला ऑलिंपिकमध्ये बायकांचं बास्केटबॉल पहिल्यांदा आलं, पॅटबाई अमेरिकेच्या सहकर्णधार होत्या आणि रौप्यपदक मिळालं. आठ वर्षांनी लॉस एंजेलिसला त्याच संघाच्या प्रशिक्षक म्हणून सुवर्ण.

आता आपल्याकडच्यांसाठी एक खुलासा. इथल्या कॉलेज प्रशिक्षकाचं निम्मं काम मैदानाबाहेर असतं. हायस्कूलमधल्या चांगल्या खेळाडू हेरायच्या, त्यांच्या घरी जायचं, आईबापांसमोर सोफ्यावर बसायचं, तुमची मुलगी आमच्याकडे का द्यावी ते सांगायचं. याला रिक्रूटिंग म्हणतात. मला तर हा सरळ मुलगी मागायला जाण्याचा कार्यक्रम वाटतो. पोह्यांच्या जागी कुकीज.

यातलाच एक प्रसंग आजींनी मला इतका रंगवून सांगितला की समोरचा तिसरा क्वार्टर आम्ही दोघींनी बघितलाच नाही. सप्टेंबर 1990. पॅटबाईंना दिवस भरत आलेले, आणि पेनसिल्व्हेनियात मिशेल मार्सिनियाक नावाच्या मुलीच्या घरी जायचं ठरलेलं. विद्यापीठाच्या छोट्या विमानातच बाईंची पाण्याची पिशवी फुटली. आपण काय करू? मी तरी विमानच डोक्यावर घेतलं असतं. बाई त्या घरी गेल्या, बसल्या, आपलं म्हणणं मांडलं आणि मग परतीच्या विमानात चढल्या. कळा वाढल्या तेव्हा वैमानिकाने विचारलं, वाटेत व्हर्जिनियात उतरवू का? बाईंनी साफ नकार दिला. एक तर मूल टेनेसीतच जन्माला आलं पाहिजे, आणि दुसरं, त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या संघाने यांना स्पर्धेतून बाहेर काढलं होतं. त्या मातीवर आपलं पोर जन्माला घालायचं? विमान नॉक्सव्हिललाच उतरलं आणि मुलगा टायलर टेनेसीत जन्मला. गंमत पुढेच आहे. ती मार्सिनियाक आधी दुसऱ्याच विद्यापीठात गेली, मग मन बदलून इथे आली आणि 1996 च्या विजेतेपदात अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

बाईंची नजर प्रसिद्ध होती. निळे डोळे रोखून बघायच्या म्हणे. त्या नजरेचे फोटो इथल्या महिला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मी बघितले आणि फोटोलाही मी ओढणी सारखी केली. (कोणी नॉक्सव्हिलला आलं तर मी तिथे घेऊन जातेच. इमारतीवर 30 फूट उंचीचा, दहा टनांचा चेंडू आहे. मुलं वेडी होतात.) वर्गातही नियम होते: पहिल्या तीन ओळींतच बसायचं, तास बुडवायचा नाही. खेळाची चारही वर्षं पुरी केलेली त्यांची एकूण एक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. हे 1098 पेक्षा अवघड असावं असं मला वाटतं, पण मी शिक्षिकेची मुलगी, माझ्या मताला तेवढं वजन देऊ नका. सगळंच मला पटतं असंही नाही. विशीतल्या मुलीवर सगळ्या संघासमोर ओरडून काय साधतं, यावर माझा आणि आजींचा वाद अजून संपलेला नाही.

पण माणूस नुसता कडक नव्हता. 2007 मध्ये त्या चीअरलीडरचे कपडे घालून पुरुषांच्या सामन्यात गाणं म्हणत नाचल्या. 2008 मध्ये घराच्या ओट्यावर आलेल्या रॅकूनला हुसकावताना त्यांचा खांदा निखळला. त्याच वर्षी आठवं विजेतेपद जिंकलं.

विद्यापीठाने दोनदा त्यांच्यापुढे पुरुषांच्या संघाचा विषय काढला होता. त्यांनी उलट विचारलं, ही बढती आहे असं तुम्हाला का वाटतं? आणि राहिल्या तिथेच. 2006 मध्ये त्यांचा पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर गेला, कॉलेजातल्या मुलींच्या बास्केटबॉलमध्ये पहिल्यांदाच. महिना 250 वर ज्या जागेवर आल्या, त्याच जागेवर. आमच्या पीटीच्या बाई मात्र निवृत्त झाल्या त्या भूगोलाच्या बाई म्हणून.

ऑगस्ट 2011 मध्ये पॅटबाईंनी जाहीर केलं की आपल्याला अल्झायमर्सच्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. वय 59. माझ्या आजोळी आजीला हेच झालं होतं, पण घरात कोणी ते नाव घेतलं नाही. पाहुणे आले की "हल्ली जरा विसरायला होतं त्यांना" एवढ्यावर भागवायचे आणि आजीला आतल्या खोलीत बसवायचे. इथे बाई आणखी एक अख्खा हंगाम हजारो लोकांसमोर संघाच्या बाकावर बसल्या. बरंचसं काम हॉली वॉर्लिक बघायच्या, ज्या आधी त्यांच्या खेळाडू आणि मग कितीतरी वर्षं सहायक होत्या. गाव 'वुई बॅक पॅट', म्हणजे आम्ही पॅटच्या पाठीशी, असं लिहिलेले शर्ट घालून यायचं. मार्च 2012 मध्ये त्या वर्षी एकही सामना न हरलेल्या बेलर विद्यापीठाच्या संघाने त्यांना उपांत्य फेरीच्या अलीकडे थांबवलं. तोवर पॅटबाईंकडे चार वर्षं खेळून एकदाही अंतिम चौघांत न पोचलेली तुकडी झालीच नव्हती. ती पहिली झाली. आजी हे सांगताना थांबल्या, वहीत काहीतरी खोडलं आणि म्हणाल्या, त्या पोरींचा काही दोष नव्हता. एप्रिलमध्ये बाईंनी पद सोडलं. जून 2016 मध्ये, 64 व्या वर्षी, त्या गेल्या.

त्या रात्री सामना आपण जिंकला. 'आपण' हा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला ते मला कळलं नाही, आजींना कळलं. बाहेर पडताना रस्त्यापलीकडचा पॅटबाईंचा ब्राँझचा पुतळा दाखवायला त्या मला थंडीत घेऊन गेल्या. कोणीतरी पुतळ्याच्या पायाशी केशरी मफलर ठेवला होता.

बहिणीचा गुडघा आता बरा आहे, म्हणून आजींनी तिसरं तिकीट घेतलंय. ओढणी मात्र मी दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांत टाकली आणि नवऱ्याचे तीन पांढरे बनियन केशरी झाले. तो आधी चिडला. मग एक दिवस वरची दोन बटणं उघडी टाकून ऑफिसला गेला, तर लिफ्टमध्ये एका अनोळखी माणसाने त्याच्या पाठीवर थाप मारली.