आमची वाटचाल : राळेगावातलं अ‍ॅनिमेशन

राळेगावात अ‍ॅनिमेशनचं दुकान चालते का असं लोक अजूनही विचारतात. चालते, आणि चांगलं चालते.

आमच्या धंद्यात गुरू म्हणायचे तर राम मोहन सर. 1956 मध्ये सरकारी माहितीपट काढणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये लागले, डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्सच्या हाताखाली शिकले, पुढं सरकारी नोकरी सोडून स्वतःचा स्टुडिओ टाकला, 2014 ला पद्मश्री. लोक त्यांची जपान्यांसोबत केलेली रामायणाची कार्टून फिल्म सांगतात, पण मला विचाराल तर युनिसेफची मीना ही कार्टून मालिका हेच मोठं काम. शाळेत न पाठवलेली पोरगी मिठू पोपटाला वर्गात धाडून मोजणी शिकते आणि कोंबड्या मोजून चोर पकडते! गावची गोष्ट गावालाच दाखवायची, आम्ही तेच धरलं.

आमचं काम कटआउटचं, म्हणजे कागदाची कापलेली चित्रं थोडी थोडी हलवून दरवेळी फोटो काढायचा. काचेचं टेबल, खालून लाईट, वरून कॅमेरा, कार्डशीटचे हातपाय बारीक तारेनं जोडलेले. सेकंदाला 24 फ्रेम, एक पोझ दोन फ्रेमला धरली तरी 12 वेळा हात हलवायचा. आणि इथलं व्होल्टेज! ट्यूबलाईट मंद झाली की पुढची फ्रेम काळपट, फिल्म लुकलुकते. नवीन पोरांनो, मेन लाईनवर शूट करूच नका, बॅटरीवर एलईडी घ्या, एक्सपोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) मॅन्युअल ठेवा आणि सॉफ्टवेअर नंतर शिका, आधी तार घट्ट बसवायला शिका.

2017 ला गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा आम्ही त्यावर फिल्म केली. कृषी केंद्रवाले काकाजी, आमचे पहिले गिऱ्हाईक, टेबलाजवळ उभे राहून म्हणाले, "अळी बोंडात गेली का भोकच बुजते, मंग शेतकऱ्याले काय दिसन? आधी डोमकळी दाखव." डोमकळी म्हणजे अळी लागल्यानं न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं फूल, ते त्यांच्यासाठी पाकळी पाकळी कापून केलं. आजही तो शॉट पाहिला की छाती फुगते.

आणि तीच फिल्म शहरातल्या एका एजन्सीनं "साहेबांना दाखवतो" म्हणून नेली, आमचं नाव काढून स्वतःचा लोगो लावला, बियाणं कंपनीला विकली, वर सांगितलं की गावातल्या पोरांनी फक्त कागद कापले. पैसे आले नाहीत, फोन उचलला नाही. भाडं थकलं, कॅमेरा गहाण पडला, सोबतचा पार्टनर पुण्याला निघून गेला, त्याला दोष देत नाही पण त्या एजन्सीला मी आजही माफ केलं नाही, करणार नाही. काकाजींनी कॅमेरा सोडवला आणि पैसे परत मागायच्या ऐवजी कामगंध सापळ्याच्या (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणाऱ्या) फिल्मची ऑर्डर दिली.

ती फिल्म तालुक्यातल्या बऱ्याच गावांत दाखवली. मधली वर्षं बरी गेली, लग्नाचे टायटल, शाळांची कामं.

नवीन पोरांनो, त्या एजन्सीकडून शिकलो ते एवढंच : ॲडव्हान्स घेतल्याशिवाय मास्टर फाईल (मूळ फिल्म) देऊ नका, सॅम्पलवर मधोमध नाव टाका. सध्या टेबलावर फवारणीची फिल्म आहे, वारा पाठीमागून ठेवून फवारणारा माणूस, त्याच्या मास्कची तार आज सकाळीच बसवली.